जातिवंत कुत्र्याचे चरित्र

शिक्षकांसाठी निघणाऱ्या विज्ञान-मासिकात एका इंग्रजी ललित पुस्तकाचे परीक्षण कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याला कारण एका तासाला घडलेला प्रसंग आहे. आनुवंशिकता शिकवताना कुत्र्याचे उदाहरण हमखास येते. एवढ्याशा चिहुआहुआपासून वासराएवढ्या ग्रेट डेनपर्यंत सगळी कुत्री जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांची रूपे वेगळी केली, हे मुलांना चटकन पटते. मुले नावे सांगत होती, मी फळ्यावर लिहीत होतो. लॅब्रॅडॉर झाले, पामेरियन झाले, डॉबरमन झाला. शिरोळकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमचं गावठी हाय, त्याला जात नाही." वर्ग हसला. हसे ओसरल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग सर, माणसांच्या जाती पण अशाच झाल्या का?"

घंटा झाली म्हणून त्या दिवशी मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. पुढे एका इंग्रजीच्या सहकाऱ्याने "तुमच्या कामाचे आहे" म्हणून व्हर्जिनिया वुल्फ यांचे 'फ्लश' हातात ठेवले. १९३३ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याचे चरित्र. पूरक वाचन म्हणून ते सुचवावे का, हे ठरवण्यासाठी मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात खूष झालो, दुसऱ्या वाचनात अस्वस्थ. दोन्हींची कारणे येथे मांडतो.

फ्लश हा खराखुरा कुत्रा होता. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट आजारपणामुळे लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील घरात, पडदे ओढलेल्या खोलीत दिवस काढत होत्या. त्यांना मेरी रसेल मिटफर्ड या लेखिकेने १८४० च्या दशकाच्या आरंभी हा कुत्रा भेट दिला. त्यांच्या पत्रांतून तो जागोजागी भेटतो. लंडनच्या कुत्रेचोरांनी त्याला पळवले, खंडणी भरून बाईंनी सोडवून आणले; १८४६ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न करून त्या इटलीला गेल्या, तेव्हा फ्लशही बरोबर गेला. प्रत्यक्षात तो तीनदा चोरीला गेला होता. कथेच्या सोयीसाठी लेखिकेने त्या चोऱ्यांची एकच चोरी केली आहे आणि टिपेत तसे प्रांजळपणे सांगितलेही आहे. स्वतःच्या पिंका नावाच्या स्पॅनियलवरून त्यांनी कुत्र्याच्या सवयी टिपल्या. निरीक्षण अस्सल आहे.

सर्वांत मोलाचा भाग वासांचा. फ्लश शहर पाहत नाही, हुंगतो. फ्लॉरेन्सच्या गल्ल्या त्याच्या नाकाने आपल्यापुढे उभ्या राहतात. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. गंधग्राहींची कार्यक्षम जनुके आपल्यात सुमारे ४००, कुत्र्यात सुमारे ८००, ही आकडेवारी आपण फळ्यावर लिहितो आणि मुले ती वहीत उतरवून विसरतात. त्या आकड्यांचा अर्थ काय, दुसऱ्या प्राण्याचे जग आपल्यापेक्षा वेगळे म्हणजे नेमके कसे, हे या प्रकरणात कळते. वासासाठी माणसाकडे शब्दच नाहीत, अशी लेखिकेची तक्रार आहे. ही तक्रार इंग्रजीपुरती खरी असेल. आपल्याकडे खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, ओशट, मातकट, उग्र, दर्प, दरवळ, घमघमाट एवढे तर चटकन आठवतात. गुऱ्हाळाच्या दिवसांत कोल्हापूरच्या आसपासची मुले काहिलीतला रस कच्चा आहे की गूळ उतरायला आला, हे लांबून वासावर सांगतात. हे प्रकरण वाचून दाखवून मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता फक्त वासांनी लिहायला सांगितला, तर गंधज्ञानाचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.

आता अस्वस्थतेकडे वळू. पुस्तकाचे पहिले प्रकरण स्पॅनियलांच्या कुळाची कथा सांगते. कार्थेजचे सैनिक स्पेनच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांना झुडपाझुडपांत ससे दिसले, त्यांच्या भाषेत सशाला 'स्पॅन' म्हणत, म्हणून देशाचे नाव स्पेन आणि सशामागे धावणाऱ्या कुत्र्याचे नाव स्पॅनियल. मग दहाव्या शतकातला वेल्श राजा हॉवेल, त्याच्या कायद्यात राजाच्या स्पॅनियलची किंमत एक पौंड. पुढे राजदरबार, सरदार घराणी. शेवटी स्पॅनियल क्लब: डोळे फिके असणे वाईट, कान कुरळे असणे अधिक वाईट, नाक फिके किंवा डोक्यावर तुरा असेल तर सारे संपले. फ्लश या सर्व कसोट्यांना उतरतो. म्हणून तो कुलीन.

लेखिका हे सारे गालातल्या गालात हसत सांगते, याची मला जाणीव आहे. तिचा रोख इंग्लंडातल्या सरदार घराण्यांवर आहे. माणसांच्या खानदानीपणाला कसोटी नाही, कुत्र्यांच्या खानदानीपणाला निदान नियम तरी आहेत, असा तो टोमणा आहे. पण टोमणा लागू पडण्यासाठी दुसरा भाग खरा असावा लागतो. कुत्र्यांचे कूळ प्राचीन, शुद्ध आणि अंगावरच्या खुणांनी ओळखता येणारे असते, हे गृहीत धरल्याशिवाय विनोद उभा राहत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने थांबायचे ते येथे.

शब्दाची व्युत्पत्ती घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्पान्योल' म्हणजे स्पेनचा, त्यापासून स्पॅनियल. इतके सरळ आहे. स्पेनच्या नावामागे ससा असल्याचा तर्क विद्वानांनी केला आहे, पण त्याचा कुत्र्याच्या नावाशी थेट संबंध नाही. गास्तों फेबुस या फ्रेंच सरदाराने १३८७ मध्ये लिहायला घेतलेल्या शिकारग्रंथात या कुत्र्यांचे वर्णन आहे: ससाणा हातावर घेऊन निघालेल्या शिकाऱ्यापुढे धावून झुडपातले पक्षी उठवणारे, पाण्यात पडलेले पक्षी आणणारे. 'फ्लश' या इंग्रजी शब्दाचाही एक अर्थ दडलेला पक्षी उठवणे हाच आहे. हॉवेलच्या कायद्यातला मूळ वेल्श शब्द 'कोल्विन', म्हणजे लहानसा लाडका कुत्रा. त्याला स्पॅनियल केले ते नंतरच्या भाषांतराने.

१५७० मध्ये जॉन कायस या इंग्रज वैद्याने कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली. त्याची वर्गवारी वाचण्यासारखी आहे, कारण ती रूपावर नाही, कामावर बेतलेली आहे. जमिनीवर पक्षी उठवणारा स्पॅनियल वेगळा, पाण्यातला वेगळा, आणि बायकांच्या मांडीवर बसणारा, कुशीत धरला तर पोटदुखी शमवणारा वेगळा. कामकरी आणि सोबती असा भेद तेव्हापासून आहे, पण कोणत्याही गटाचे दार बंद नव्हते. जो कुत्रा पक्षी उठवील तो स्पॅनियल.

हे दार कधी बंद झाले, याच्या तारखा उपलब्ध आहेत. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये भरले. (डार्विनचा 'जातींचा उगम' त्याच वर्षीचा.) केनेल क्लब १८७३ चा. स्पॅनियल क्लब १८८५ चा. कॉकर ही वेगळी जात म्हणून नोंदली जाऊ लागली ती १८९० च्या दशकात; तोपर्यंत एकाच विणीतले पिल्लू पंचवीस पौंडांच्या आत राहिले तर कॉकर आणि वर गेले तर स्प्रिंगर. म्हणजे ज्या नियमांनी फ्लशचे कुलीनत्व लेखिका सिद्ध करते, ते नियम करणारी संस्था फ्लश जन्मला तेव्हा अस्तित्वातच नव्हती. फ्लशला कोणी विचारले असते, तर तो फार तर 'पक्षी उठवणाऱ्या कुत्र्यांपैकी लहान चणीचा' एवढेच ठरला असता. ही चूक बारीक वाटेल. परंतु जातीच्या सगळ्या कथा अशाच रचल्या जातात: दार आज बंद करायचे आणि ते पुरातन काळापासून बंदच होते असे सांगायचे.

डार्विनने 'जातींचा उगम'च्या पहिल्याच प्रकरणात स्पॅनियलचे उदाहरण दिले आहे. राजा चार्ल्सच्या नावाने ओळखला जाणारा स्पॅनियल त्या राजाच्या काळापासून, कोणी तसे ठरवले नसतानाही, बराच बदलला असावा, असे तो म्हणतो. दुसरा चार्ल्स सतराव्या शतकातला. त्याच्या काळच्या चित्रांत ही छोटी कुत्री लांब नाकाची दिसतात. एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकाची आवड वाढली आणि नाक आत गेले. १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने, जुन्या चित्रातल्यासारखा लांब नाकाचा कुत्रा क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात आणील त्याला पंचवीस पौंडांचे बक्षीस लावले. त्यातून आजचा कॅव्हेलियर घडला आणि १९४५ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. म्हणजे चित्र पाहून कुत्रा तयार केला, आणि तोच मूळचा ठरला!

त्याची किंमत कुत्र्यांनी मोजली. मोजक्या कुत्र्यांपासून सुरुवात, पुढे आपसांतच पैदास. कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा विकार लहान वयात आणि फार मोठ्या प्रमाणात आढळतो. शिवाय कित्येकांची कवटी मेंदूच्या मानाने अपुरी. मेंदूचा मागचा भाग दाबला जातो, मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होतात आणि असह्य वेदना होतात. २००८ मध्ये बीबीसीने हे माहितीपटात दाखवले तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची आपसांतली पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. दुसऱ्या जातीशी संकर करण्याचा मार्ग मोकळा ठेवला. शुद्धतेवरचा उपाय संकर, असे न्यायालयाला सांगावे लागले.

स्वभावाचे काय? जातिवंत कुत्र्याचा स्वभाव रक्तात असतो, असे पुस्तक धरून चालते. याचा पद्धतशीर शोध स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी घेतला. त्यांचे पुस्तक १९६५ चे. त्यांनी निवडलेल्या पाच जातींत कॉकर स्पॅनियल होता. त्याचा त्यांनी आफ्रिकेतल्या, क्वचितच भुंकणाऱ्या बसेंजीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्यांत भुंकणे, माणसाळणे, अडवून धरल्यावर धडपडणे हे गुण कसे वाटले जातात ते पाहिले. आनुवंशिकतेचा वाटा दिसला, पण पिल्लाला कोणत्या आठवड्यांत माणसाचा सहवास मिळतो याचाही मोठा परिणाम दिसला. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडा होतो तो सुमारे ९ टक्के. राहिलेल्या ९१ टक्क्यांसाठी प्रत्येक कुत्रा वेगळा पाहावा लागतो.

आपल्या मुलखात काय घडले? कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशातले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवत. कुत्र्यांत मात्र स्पॅनियलचे काम येथे फारसे नव्हते, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. इंग्लंडात कुंपणे, काटेरी झुडपे, दलदल. तेथे दडलेला पक्षी नाकाने शोधून उठवणारा बुटका, केसाळ कुत्रा हवा. आपल्या पूर्वेकडच्या माळावर ससा दिसतो, दडत नाही. तेथे डोळ्याने पाहून सुसाट पळणारा, लांब पायांचा, आखूड केसांचा कुत्रा हवा. धनगरांच्या आणि गावकऱ्यांच्या हाती तो होताच. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तो नावारूपाला आणला. बादशहा पंचम जॉर्जला त्यांनी एक जोडी भेट दिली आणि तेथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले, असे सांगतात. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात त्याला शिक्षणासाठी घेतले.

याच कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅरव्हान हाउंड' म्हणून नोंदते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. खेड्यात त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कुत्रा एक, वह्या दोन. मुलांना जात म्हणजे नोंदवही, हे समजावण्यासाठी विलायतेला जायची गरज नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबली. माळावरचे काम गेले, आता नोंदवहीचे सोपस्कार वाढतील आणि त्याबरोबर कॅव्हेलियरचा धोकाही. स्पॅनियल त्या मानाने सुदैवी. त्याच्या नाकाला स्फोटके हुंगण्याचे नवे काम मिळाले.

याउलट साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, अशी आख्यायिका. आख्यायिका कितपत खरी, हा इतिहासकारांचा प्रश्न (रायगडच्या वाघ्याच्या वादात मी शिरत नाही). माझे लक्ष एवढ्याकडेच गेले की खंड्या कोणत्या जातीचा, हे सांगण्याची गरज या कथेला वाटलेली नाही. नाव आणि काम, दोनच गोष्टी राहिल्या.

आता त्या मुलीचा प्रश्न. मराठीने आपली पंचाईत केली आहे. स्पीशीजला पाठ्यपुस्तक 'जाती' म्हणते, ब्रीडला आपण 'जात' म्हणतो आणि शाळेच्या दाखल्यावरही 'जात' असते. मुलांच्या डोक्यात तिन्ही एक होतात. दोष त्यांचा नाही. उत्तर देताना मी आता आकडे देतो. कुत्र्यांमधल्या एकूण आनुवंशिक फरकांपैकी सुमारे २७ टक्के फरक जातीजातींमधला असतो, असे २००४ च्या एका अभ्यासात दिसले. जगातल्या माणसांच्या निरनिराळ्या समूहांमधला फरक ५ ते १० टक्के. बाकी सगळा समूहाच्या आत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. माणसांच्या जाती कोणी गुण निवडून पैदा केलेल्या नाहीत. मात्र लग्नाचे दार बंद ठेवण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा: लपलेले आनुवंशिक दोष वर येतात. गुण साठून राहतात याला पुरावा नाही, रोग साठून राहतात याला आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून आहे, तेव्हा हे सांगताना आवाज जरा खाली येतो, पण सांगावे. ज्या गावात वेदोक्ताचे प्रकरण झाले आणि २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेथे विज्ञानाच्या तासाला ही चर्चा टाळणे शोभत नाही.

लेखिकेवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो: पुस्तकाच्या उत्तरार्धात तिने आपलाच डाव उलटवला आहे. इटलीमध्ये फ्लशला एकही कुलीन कुत्रा भेटत नाही. रस्त्यावर सगळी गावठी. पुढे पिसवांनी बेजार झाल्यावर ब्राउनिंग कात्री घेऊन त्याचे केस भादरतो. कुलाच्या सगळ्या खुणा जमिनीवर पडतात, आणि आरशात पाहून खजील झालेला फ्लश हळूहळू मोकळा होतो. हा भाग लिहिताना लेखिकेला पहिल्या प्रकरणाची आठवण होती यात शंका नाही. अडचण एवढीच की वर्गात बहुधा पहिले प्रकरणच वाचले जाते.

म्हणून शिफारस अशी. इंग्रजीच्या शिक्षकांच्या मदतीने फ्लॉरेन्सचे प्रकरण आठवीपासून पुढे कोणत्याही वर्गात वाचावे. पहिले प्रकरण दहावीलाच, आणि तेही वाचायच्या आधी फळ्यावर तीन साले लिहून: १८५९, १८७३, १८८५. फ्लश यांपैकी एकाही सालाच्या वेळी जिवंत नव्हता, हे मुलांना आपले आपण शोधू द्यावे. आमच्या वर्गात ते शिरोळच्या त्याच मुलाने शोधले. त्याच्या कुत्र्याचे नाव मोत्या आहे, आणि त्याला लांबून मोटारसायकलचा आवाज ओळखता येतो.